मोटारगाड्यांची उघडझापीची चित्रपुस्तके व मुलांचे बोलणे



अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत आता जी चित्रपुस्तके येतात, त्यांतील काही नुसती पाहावयाची नसून हाताळावयाची असतात. एखाद्या पानावर मोटारीचे दार म्हणजे एक कागदी झडप असते. ती उघडली की आत बसलेली माणसे दिसतात. कोठे चाकाच्या जागी फिरती चकती असते, तर कोठे कागदाची पट्टी ओढली की बस पुलावरून पुढे सरकते. अशा पुस्तकांस या लेखात सोयीसाठी ‘उघडझापीची पुस्तके’ म्हटले आहे. त्यांतही मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, एस.टी. अशा वाहनांची पुस्तके लहान मुलांस विशेष आवडतात, हा आपणांपैकी पुष्कळांचा अनुभव असेल.

शाळाभेटींत मात्र या पुस्तकांच्या दोन निरनिराळ्या अवस्था दिसून येतात. काही शाळांत ती फाटतील या भीतीने कपाटात कुलूपबंद असतात आणि पाहुणे आले म्हणजे बाहेर निघतात. काही शाळांत ती मोकळेपणाने मुलांच्या हाती दिली जातात. मुले पाच मिनिटांत सगळ्या झडपा उघडतात, दोन-चार तोडतात आणि पुस्तक बाजूस ठेवतात. पहिल्या ठिकाणी पुस्तक वाचते, दुसऱ्या ठिकाणी मुलांची मौज होते. परंतु मूल बोलते असे दोन्ही ठिकाणी क्वचितच घडते. वास्तविक, मुलास बोलते करणे हेच या पुस्तकाचे मुख्य काम होय. ते काम झडपेकडून आपोआप होत नाही. झडप उघडण्यापूर्वी व उघडल्यानंतर शिक्षक जे बोलणे घडवून आणतो, त्याने ते होते. एवढा एकच मुद्दा या लेखात मांडावयाचा आहे.

१. हलत्या पुस्तकांची पूर्वपीठिका

कागदाचा थर उचलून आतील वस्तू दाखविण्याची कल्पना मुलांच्या पुस्तकांपेक्षा जुनी आहे. सोळाव्या शतकात युरोपात मानवी शरीराची अशी चित्रे छापली गेली की, वरचा कागद उचलताच आतील अवयव दिसत. म्हणजे झडप ही प्रथम प्रौढांच्या अभ्यासाचे साधन होती. पुढे लंडनचे प्रकाशक रॉबर्ट सेयर यांनी १७६५ च्या सुमारास घड्या उलगडीत वाचावयाची गमतीची पुस्तके काढली. एकोणिसाव्या शतकात म्युनिकचे चित्रकार लोथार मेगेनडॉर्फर (१८४७–१९२५) यांनी एक पट्टी ओढताच चित्रातील अनेक भाग एकाच वेळी हलतील अशी पुस्तके तयार केली. १९८० साली इंग्लंडच्या एरिक हिल यांचे एका हरवलेल्या कुत्र्याच्या पिलाचे पुस्तक निघाले. दार, पेटी, पलंगाची चादर अशा झडपांखाली पिलू शोधण्याच्या त्यांच्या साध्या कल्पनेमुळे ही पुस्तके जगभर घरोघर पोहोचली.

वाहनांच्या पुस्तकांतही निरनिराळ्या तऱ्हा झाल्या. अमेरिकेचे रिचर्ड स्कॅरी यांनी १९७४ साली शेकडो वाहनांचे एक मोठे चित्रपुस्तक काढले. त्यात झडपा नाहीत. परंतु पानोपानी एक छोटा सोनेरी किडा दडविलेला आहे व तो शोधता शोधता मूल प्रत्येक वाहन न्याहाळते. डोनाल्ड क्रूझ यांच्या १९८० सालच्या ट्रकवरील पुस्तकात गोष्टीचे एक वाक्यही नाही. लाल ट्रक तिचाकी सायकली भरून निघतो, आणि जे शब्द दिसतात ते रस्त्यावरील पाट्यांचे व गाड्यांवरचेच. २०१० साली फ्रान्सचे एर्वे ट्युले यांनी तर केवळ रंगीत ठिपक्यांचे पुस्तक काढले. ठिपका दाबा, पान हलवा अशी सूचना येते. पुढचे पान उलटावे तर ठिपके बदललेले असतात! त्यात एकही हलणारा भाग नाही, तरीही मूल पूर्णपणे गुंतून जाते.

यावरून शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकातील कागद हलतो की नाही हे दुय्यम आहे. मुलाचे मन हलते की नाही हे मुख्य आहे.

२. झडपेने शिकणे वाढते काय?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे व त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळे आहे. अमेरिकेतील ज्युडी डिलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांस काही पुस्तकांतून प्राण्यांची नावे व माहिती दिली. काही पुस्तके साध्या चित्रांची, तर काही पान उघडताच उभ्या राहणाऱ्या व ओढता-उचलता येणाऱ्या चित्रांची होती. साध्या पुस्तकांतून मुले अधिक शिकली. २०१३ साली सिंथिया चिआँग व डिलोश यांनी इंग्रजी अक्षरांच्या पुस्तकांविषयी असाच अभ्यास प्रसिद्ध केला; तेथेही हाताळावयाच्या भागांमुळे अक्षरे शिकण्यात अडथळाच आला. हात पट्टी ओढण्यात गुंतला की लक्ष अक्षरावर राहत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

तर मग ही पुस्तके टाकून द्यावीत काय? तसे नाही. अक्षराच्या पुस्तकातील झडपेचा अक्षराशी काही संबंध नसतो. ती वरून चिकटविलेली शोभा असते. मोटारीची गोष्ट निराळी. मोटार हीच मुळी उघडझापीची वस्तू आहे. तिला दारे आहेत, बॉनेट आहे, डिकी आहे, काच खाली-वर होते, चाक फिरते. बॉनेटची झडप उचलली की खाली इंजिन दिसते, तेव्हा हाताने केलेली कृती व डोळ्यांनी पाहिलेली माहिती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतात. म्हणून पुस्तक निवडताना शिक्षकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : ही झडप उघडल्याने वस्तूविषयी काही कळते, की नुसता हात रमतो? पहिल्या प्रकारच्या झडपा शिकविण्यासाठी वापराव्या. दुसऱ्या प्रकारच्या मौजेसाठी असू द्याव्या, पण त्यांच्याकडून शिक्षणाची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा अभ्यास याहूनही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सुमारे दोन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट पाहिले. दोन्ही गट मुलांस सारख्याच वेळा पुस्तक वाचून दाखवीत होते. एका गटास मात्र सांगितले होते की, ‘काय आहे’, ‘काय करतो आहे’, ‘पुढे काय होईल’ असे प्रश्न विचारा, मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत सांगा, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवा. एका महिन्याने या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे गेली. १९९२ साली हीच पद्धत मेक्सिकोतील गरीब कुटुंबांच्या मुलांवर पाळणाघरात वापरून पाहण्यात आली व तेथेही मुलांची भाषा सुधारली. या पद्धतीस आपण ‘संवादवाचन’ म्हणू. तिला महाग पुस्तक लागत नाही. ऐकून घेणारा शिक्षक लागतो.

३. वाचनाचे तीन टप्पे

वरील दोन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणजे उघडझापीच्या पुस्तकाची वर्गातील रीत ठरते. ‘आधी अंदाज, मग उघडणे, मग बोलणे’ एवढ्या शब्दांत ती मुलांसही सांगता येईल.

(अ) आधी अंदाज : झडप बंद असताना शिक्षकाने तिच्यावर हात ठेवावा व विचारावे, “आत काय असेल?” निदान चार-पाच मुलांचे अंदाज ऐकावेत. कोणताही अंदाज चूक म्हणून टाकू नये. “तुला असे का वाटते?” हा पुढचा प्रश्न. अंदाज बांधताना मूल पूर्वी पाहिलेले आठवते, त्यासाठी शब्द शोधते व कारण जोडते. भाषाशिक्षणाचा मोठा भाग येथेच पार पडतो.

(आ) मग उघडणे : झडप उघडण्याचा मान मुलाचा असावा, शिक्षकाचा नव्हे. प्रत्येक झडपेस नवे मूल बोलवावे. जे मूल बोलावयास कचरते, त्यास प्रथम उघडण्याचे काम द्यावे. हात पुढे आला की बोलणे पुष्कळदा मागोमाग येते.

(इ) मग बोलणे : उघडल्यानंतर घाईने पुढील पान उलटू नये. “आपण काय म्हटले होते? काय निघाले? अशी गाडी तुम्ही कोठे पाहिली?” येथे मूल एका शब्दात उत्तर देईल. शिक्षकाने त्याचे वाक्य करून परत द्यावे व त्यात एक नवा शब्द घालावा.

पहिल्या वाचनात प्रश्न थोडे व सोपे ठेवावेत. तेच पुस्तक तिसऱ्या-चौथ्या वेळी वाचताना आत काय आहे हे मुलांस ठाऊक असते. ही अडचण समजू नये. तेव्हा मुलानेच शिक्षक व्हावे, त्याने झडपेवर हात ठेवावा व इतरांस विचारावे.

४. पाठाचा नमुना

जीपचे चित्र, बॉनेटला झडप, अशा पानावरील संभाषण साधारणपणे पुढीलप्रमाणे चालू शकेल.

शिक्षिका : (झडपेवर हात ठेवून) याच्या आत काय असेल बरे?
एक मुलगा : बाई, इंजान!
शिक्षिका : तुला वाटते आत इंजिन आहे. आणखी कोणाला काय वाटते?
एक मुलगी : पाणी असतंय. दादा पाणी ओततो तिथं.
शिक्षिका : दादा पाणी ओततो! कशाला बरे ओतत असेल?
मुलगी : गाडी तापती म्हणून.
शिक्षिका : बरोबर. इंजिन तापते, ते थंड राहावे म्हणून पाणी ओततात. चला, तूच उघड पाहू.
(मुलगी झडप उघडते.)
मुले : इंजान! इंजान!
शिक्षिका : हो, हे इंजिन. मग दादा पाणी कोठे ओतत असेल? या चित्रात शोधा पाहू.
दुसरा मुलगा : रिक्षाचं इंजान मागं असतंय, बाई.
शिक्षिका : हे छान सांगितलेस. जीपचे इंजिन पुढे, रिक्षाचे मागे. ट्रॅक्टरचे कोठे असते?

या नमुन्यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, शिक्षिकेने ‘इंजान’ हा उच्चार चूक म्हणून सुधारला नाही. आपल्या वाक्यात ‘इंजिन’ म्हणून तो मुलाच्या कानी घातला. ‘असतंय’, ‘तापती’ ही त्याच्या घरची भाषा आहे. तिच्यावर पहिल्याच दिवशी आघात केला तर मूल शाळेची भाषा शिकत नाही. गप्प बसावयास शिकते. दुसरी, पाण्याचा मुद्दा पुस्तकात नव्हता. तो मुलीच्या घरून आला व शिक्षिकेने त्यास पुस्तकात जागा करून दिली. तिसरी, शेवटचा प्रश्न मुलांस पुस्तकाबाहेर, घराच्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत घेऊन गेला.

पुढील इयत्तेत हाच धागा वाढविता येईल. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी एस.टी. सुरू झाली. “विजेच्या गाडीत इंजिनाच्या जागी काय असेल?” हा प्रश्न दुसरी-तिसरीच्या मुलांस विचार करावयास लावील. आता आत इंधन जाळणारे इंजिन नसून बॅटरी व विजेची मोटर असते, हे सांगताना मुलांनीच नवी झडप काढावी.

५. ‘गाडी’ या शब्दाची श्रीमंती

वाहनांचे पुस्तक मराठीच्या पाठासाठी किती उपयोगी आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘गाडी’ हा एकच शब्द घ्या. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, ढकलगाडी, आगगाडी, मालगाडी, मोटारगाडी, बाबागाडी असे शब्द मुलांकडूनच काढून घेता येतात. त्यानंतर क्रियापदे पाहावीत. बैलगाडी जुंपतात व हाकतात, मोटार चालवितात, आगगाडी सुटते व रुळावरून घसरते. ‘एस.टी. लागली’ म्हणजे ती फलाटाशी उभी राहिली. पण ‘आजीला गाडी लागली’ म्हणजे प्रवासात तिचे पोट ढवळले. हा फरक मुले हसत हसत सांगतात व तो त्यांच्या स्मरणात राहतो.

ध्वनींचे शब्दही असेच. घर्र, भुर्र, खडखड, टिणटिण, पों पों हे आवाज काढण्यात लाजरे मूलही मागे राहत नाही. पान उलटण्यापूर्वी नुसता आवाज करावा व “कोणती गाडी आली?” असे विचारावे. ध्वनी नेमका ऐकणे ही अक्षरओळखीची पहिली पायरी आहे.

रोजच्या बोलण्यातील परके शब्द टाळण्याचेही कारण नाही. टायर, ब्रेक, हॉर्न, डिकी हे शब्द आता गावचेच झाले आहेत. डिकीच्या झडपेखाली जे जादा चाक असते त्यास आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे १९०४ साली असे जादा चाक बनविण्याचा धंदा निघाला होता. चौथीच्या मुलांस ही हकीकत सांगावी. रस्त्याचे नाव चाकास व चाकाचे नाव आपल्या गावच्या गॅरेजात कसे आले, हा भूगोलाचाही धडा होईल.

६. झडपेखालचे उत्तर अंतिम नव्हे

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले असलेल्या एका शाळेतील गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परत येतात. पहिलीतील एक मुलगी हंगामानंतर शाळेत आली होती व वर्गात एक शब्दही बोलत नव्हती. तिच्या नोंदीत ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिलेले होते. शिक्षक ट्रकचे पान दाखवीत होते. मागील फाळक्याच्या जागी झडप होती. “आत काय असेल?” असे विचारताच सर्व मुले “ऊस!” म्हणाली. झडप उघडल्यावर निघालाही ऊसच. तेव्हा ही मुलगी हळूच म्हणाली, “जाताना ऊस नसतोय. जाताना आमी असतोय.”

शिक्षकांनी पान उलटले नाही. “आणखी काय काय असते?” असे त्यांनी विचारले. ती सांगू लागली : भांडी, पिठाचे डबे, अंथरुणे, कोंबड्या, शेळी, आजी. वर्गातील इतर मुले ऐकत राहिली. ट्रकचा प्रवास त्यांच्यापैकी कोणासही तिच्याइतका ठाऊक नव्हता. त्या दिवशी शिक्षकांनी एका कागदावर तिने सांगितलेली चित्रे तिच्याकडूनच काढून घेतली व तो कागद मूळ झडपेच्या आत दुसरी झडप म्हणून चिकटविला. आता त्या शाळेच्या पुस्तकात फाळका उघडला की प्रथम ऊस दिसतो आणि ऊस उचलला की ती मंडळी दिसतात.

या उदाहरणावरून काय शिकावयाचे? छापील पुस्तकाने एक उत्तर ठरविलेले असते. वर्गातील सगळी मुले त्या उत्तराजवळून आलेली नसतात. शिक्षकाने “बरोबर, ऊस” म्हणून पान उलटले असते तर ‘प्रतिसाद नाही’ हीच नोंद कायम राहिली असती, आणि त्या नोंदीवरून पुढील शिक्षकांनीही तिला मंद ठरविले असते. म्हणून झडप उघडल्यानंतर “आणखी काय असू शकेल?” हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याच अनुषंगाने आणखी एक सूचना. गाड्यांची पुस्तके मुलग्यांची व घरकामाची पुस्तके मुलींची, अशी वाटणी नकळत होत असते. झडप उघडावयास व अंदाज सांगावयास आपण कोणास बोलावितो, याची आठवडाभर नोंद ठेवून पाहावी.

७. पुस्तक एक व मुले अनेक

चाळीस मुलांस एकच पुस्तक एकाच वेळी दाखविल्यास मागील मुलांस काही दिसत नाही व पुढील मुलांची ओढाताण होते. यासाठी सहा-सात मुलांचा एक गट अर्धवर्तुळात जवळ बसवावा. त्या वेळी इतर गटांनी पाटीवर गाडी काढणे, आगपेटीच्या खोक्यांची आगगाडी करणे, वाहनांच्या चित्रपट्ट्यांचे वर्गीकरण करणे अशी कामे करावीत. एका गटास दहा मिनिटे पुरेशी होतात. आठवड्यात प्रत्येक गटाची एक पाळी आली तरी वर्षभरात पुष्कळ बोलणे घडते. बहुवर्ग शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांस वरील तीन टप्पे शिकवून गटप्रमुख नेमता येईल. मोठ्या मुलांच्या वाचनासही त्यायोगे निमित्त मिळते.

८. पुस्तक शाळेत तयार करणे

छापील पुस्तके महाग असतात व त्यांतील गाड्या पुष्कळदा परदेशातील रस्त्यांवरच्या असतात. आपल्या रस्त्यावरील दुधाचा टेम्पो, वडापची जीप, टायरगाडी, पाण्याचा टँकर, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही वाहने त्यांत सापडत नाहीत. ती उणीव शाळेत तयार केलेल्या पुस्तकाने भरून निघते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हापासून गावात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाधने घडविण्याची परंपरा आपल्याकडे आहे. कृती पुढीलप्रमाणे :

(१) वह्यांचे किंवा खोक्यांचे पुठ्ठे एका मापाचे सहा तुकडे कापावेत. कोपरे गोल करावेत. त्यावर पांढरा कागद चिकटवावा.

(२) चिकटविण्यासाठी मैद्याची खळ करावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पूर्वापार रीत आहे; परंतु मोरचूद विषारी आहे व लहान मुले पुस्तक तोंडात घालतात, म्हणून या पुस्तकासाठी तो मुळीच घालू नये. खळ ताजी करावी व पाने उन्हात चांगली वाळवावीत.

(३) प्रत्येक पानावर गावातील एक वाहन मोठे काढावे. झडप वहीच्या पुठ्ठ्याची करावी व तिच्या बिजागरीसाठी जुन्या सुती कापडाची दोन बोटे रुंद पट्टी लावावी. कागदी बिजागरी आठ दिवसांत तुटते. कापडी वर्षभर टिकते.

(४) झडपेच्या मोकळ्या कडेस कापडाची छोटी जीभ ठेवावी, म्हणजे लहान बोटांस ती धरता येते व कडा फाटत नाही.

(५) फिरत्या चाकासाठी गोल चकतीच्या मध्यास भोक पाडून जाड दोरा ओवावा व दोन्ही बाजूंस घट्ट गाठ मारावी. टाचणी, तार किंवा बटण वापरू नये. ते निघून आल्यास मूल गिळण्याचा संभव असतो.

(६) पानाखाली एकच ओळ, मोठ्या अक्षरांत, मुलांनी सांगितलेल्या शब्दांत लिहावी.

प्रथम सहा पानांचे एकच पुस्तक करून वापरून पाहावे. शक्य असल्यास गावातील गॅरेजवाले, एस.टी.चे चालक किंवा ट्रॅक्टर चालविणारे पालक यांस एक दिवस वर्गात बोलवावे व उभ्या, बंद केलेल्या गाडीचे बॉनेट प्रत्यक्ष उघडून दाखवावे. पुस्तकातील झडप त्यानंतर अधिक बोलकी होते.

९. फाटण्याची भीती

कपाटातील पुस्तकाविषयी शेवटी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. साठा नोंदवहीत चढलेली वस्तू फाटली तर उत्तर द्यावे लागेल, ही शिक्षकांची चिंता समजण्यासारखी आहे. यावर उपाय म्हणजे वस्तू बंद ठेवणे हा नव्हे. वापराची नोंद ठेवणे हा होय. पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्यास एक कागद लावून कोणत्या दिवशी, कोणत्या गटाने ते वाचले हे लिहावे. दुरुस्तीसाठी वर्गात एक डबा ठेवावा : कापडी पट्ट्या, खळ, कात्री. शनिवारी दोन मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तुटलेल्या झडपा बसवाव्यात. जे मूल झडप बसविते ते ती सहसा तोडत नाही. मी शाळाभेटीस येतो तेव्हा कोऱ्या करकरीत पुस्तकापेक्षा कापडी पट्ट्या लावलेले व तारखांनी भरलेले पुस्तक पाहून मला अधिक समाधान वाटते, आणि भेटीच्या शेऱ्यातही मी तसे लिहितो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत उघडझापीची पुस्तके किती आहेत? गेल्या महिन्यात त्यांतील किती मुलांच्या हाती गेली?

२. एका पुस्तकातील प्रत्येक झडप तपासा. कोणत्या झडपेने वस्तूविषयी काही कळते व कोणती केवळ शोभेची आहे?

३. एका गटाचे दहा मिनिटांचे वाचन सहकाऱ्यास ऐकावयास सांगा. शिक्षकांची वाक्ये किती व मुलांची किती, हे त्याने मोजावे. मुलांची वाक्ये वाढविण्यासाठी काय करता येईल?

४. आपल्या गावातील मुलांस परिचित असलेली, पण पुस्तकात नसलेली पाच वाहने कोणती? त्यांच्या झडपांखाली काय दाखवाल?

५. आपल्या वर्गात ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद असलेली मुले कोण? त्यांपैकी एकास पुढील आठवड्यात प्रथम झडप उघडावयास बोलवा, व त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून पुढील परिषदेस आणा.